नाव घेऊन मागणाऱ्या बाई

बाई, तुमच्या शोकसभेत बोलायला पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं आणि मी सरळ खोटं बोललो. घसा बसलाय म्हणालो. घसा चांगला ठणठणीत होता. जन्मभर बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या मी, माझा घसा कसला बसतोय! पण आपल्या चर्चच्या मंडळीची रीत अशी की, जो बोलायला उभा राहतो त्यानं शेवटी प्रार्थना करूनच खाली उतरायचं. ते मला जमणार नव्हतं. का जमणार नव्हतं, हे अख्ख्या मंडळीत तुम्हा एकट्यांनाच ठाऊक होतं.

म्हणून मागच्या बाकावर बसून बाकीच्यांची भाषणं ऐकली. एकानं सांगितलं, रिबेकाबाई फार मवाळ. दुसरीनं सांगितलं, बाईंनी जन्मात कुणाचं मन दुखावलं नाही. मला हसू आवरेना. अहो, संडे स्कूलमध्ये वचन पाठ नाही म्हणून तुम्ही माझा कान इतका पिळायचात की, घरी आईनं विचारावं, कुणी चावलं का रे? आणि माझी साठी उलटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तुम्ही मला जे बोललात, ते तर अजून उतरलेलं नाही. मवाळ म्हणे! तुम्ही गेल्याला तीन आठवडे झालेत आणि लोकांनी तुम्हाला पार गुळमट करून टाकलंय. म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्याशी भांडायचं राहिलंय, आणि दुसरंही एक राहिलंय.

मंगळवारची खिचडी तुमची. सरकारी दवाखान्याच्या बाहेर बाहेरगावचे लोक पेशंटला आत ठेवून दिवसदिवस बसून असतात, कुणी सोयगावकडचे, कुणी करमाडचे, कुणी जालन्याचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तुम्ही निवृत्त झालात आणि दुसऱ्याच महिन्यात दोन पातेली रिक्षात घालून तिथं जाऊन उभ्या राहिलात. बोर्ड करून घेतलात, ‘येशूच्या नावानं’. खिचडी कशी असायची ते गेलेल्या माणसाविषयी लिहू नये, पण लिहितोच. खाली लागलेली आणि वर कच्ची. हळद घातली की तिखट विसरायचं, तिखट घातलं की मीठ.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून सुटलो आणि तुमच्या हाताखाली आलो. आल्या आल्या मला घाम फुटला. रांग नाही, वेळ नाही, कोण आधी, कोण नंतर, कशाचा कशाला पत्ता नाही. मी पहिल्या महिन्यातच पत्र्याचे बिल्ले करून आणले, नंबर टाकलेले. बिल्ला घ्या, उभे राहा, नंबर पुकारला की पुढं या. पाऊण तासात दोनशे माणूस जेवून मोकळं! मला वाटलं, बाई पाठ थोपटतील. तुम्ही एक बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा करून बघितलात आणि म्हणालात, "शमू, हे छान केलंस रे. पण सत्तेचाळीस नंबरसाठी मी देवाजवळ काय मागू? त्याला नाव नाय का?"

तुमची पद्धतच निराळी होती. आधी माणसाचं जेवण होऊ द्यायचं. हात धुऊ द्यायचा, पाणी पिऊ द्यायचं. मग शेजारी जमिनीवर बसायचं आणि विचारायचं, पेशंट कोण? काय झालंय? आणि मग, "त्यांच्यासाठी मागू का देवाला? चालंल का तुम्हाला?" जेवणाआधी कधीच नाही. मी एकदा म्हणालो, आधीच उरकून घ्या की, रांगेत उभेच असतात. तुम्ही असं बघितलंत की मी चड्डीतला शमू झालो. म्हणालात, "ताट हातात यायचंय तोवर माणूस कशालाबी व्हय म्हणतो. पोट भरल्यावर त्याला नाय म्हणता येतं."

आणि लोक नाही म्हणायचेच. करमाडचे एक आजोबा आठवतात, पांढरा फेटा, नातू आत. म्हणाले, "नको बाई, आमचा खंडोबा बघून घेईल." तुम्ही म्हणालात, "बरं. मग नुसती बसते." आणि खरंच बसलात की हो, चांगला अर्धा तास! कांद्याला यंदा रोग कुठला पडला, तेवढ्यावर. इकडं पातेली घासायची खोळंबलेली आणि मी चडफडतोय. एकानं "करा, पण आम्ही जयभीमवाले आहोत" असं सांगितलं तर तुम्ही आधी हात जोडून जयभीम घातलात आणि मग डोळे मिटलेत. बुरख्यातल्या आजीजवळ बसून "अम्मा, दुआ करूं क्या?" आजीनं तर तुमचाच हात ओढून घेतला होता. मागताना पेशंटचं पूर्ण नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट. प्रार्थना दोन-तीन वाक्यांची. शेवटी येशूचं नाव स्वच्छ घ्यायचं, पुटपुटायचं नाही. पत्रक नाही, आग्रह नाही, पत्ता विचारणं नाही. मंडळीतल्या एका पोरीनं हौसेनं छापील कागद आणले होते, ते तुम्ही तिच्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत घातलेत. "दुखण्यातल्या माणसाच्या हातात कागद देऊ नये बाळा, त्याला धड डॉक्टरची चिठ्ठी वाचवत नाय." ती पोर रुसली. तिला समजवायला तुम्ही तिच्या घरी गेलात हेही मला माहीत आहे.

क्रांती चौकात आपली रिक्षा बंद पडली होती ते आठवतं? सिग्नल सुटलेला, मागं भोंग्यांचा कालवा, आणि मांडीवर गरम पातेलं घेऊन तुम्ही गाणं म्हणताय. सुरात म्हटलं असतंत तर एक वेळ चाललं असतं. रिक्षावाला म्हणाला, "बाई, गाडी सुरू होईस्तोवर तरी थांबा." तुम्ही इतक्या हसलात की खिचडी सांडली. मीही हसलो होतो. सुनंदा गेल्यानंतर बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा.

सुनंदाचं इथं लिहून टाकतो. माझी बायको चार वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यात गेली. अठरा दिवस होती. सगळ्या मंडळीनं उपास धरले, साखळीप्रार्थना केली, आणि तुम्ही अठराच्या अठरा दिवस तिच्या उशाशी बसलात. रोज नाव घेऊन मागितलंत, आणि मी रोज मोठ्यानं आमेन म्हणालो. अठराव्या दिवशी व्हरांड्यात मी तुम्हाला म्हणालो, "बाई, पुरे करा आता." त्यानंतर चर्चमध्ये सगळे डोळे मिटतात तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघत बसतो. ओठ हलवतो. शेजारच्याला कळत नाही. खिचडी मात्र मी दुप्पट जोरानं करायला लागलो. हातपाय हलवायला काही अडत नव्हतं.

मग ते मोबाईलचं प्रकरण झालं. एक पोरगेला माणूस शूटिंग करत पुढं आला, "इथं धर्म बदलायचं काम चालतं का?" तुम्ही म्हणालात, "नाय रे बाबा, इथं खिचडी वाटायचं काम चालतं. तू जेवलास का?" तो म्हणाला, "मग डोळे मिटून काय करता?" "मागते देवाजवळ. विचारून मागते. तुझं कोण हाय का आत?" तो गडबडला आणि निघून गेला. झालं एवढंच. पण ते शूटिंग फोनाफोनांतून फिरलं, आणि मंडळी हादरली. खोटं कशाला बोलू, भीती खरी होती. दिवस तसे आहेत. आपले लोक थोडे, त्यात लहान लेकरंबाळं, कोण कशाला वाट्याला जाईल? पंचांची मीटिंग बसली. तिथं ठराव मी मांडला. बोर्ड काढायचा, प्रार्थना बंद, नुसती खिचडी वाटायची आणि यायचं. सगळ्यांनी हात वर केले. तुम्ही केला नाहीत, पण विरोधातही केला नाहीत.

बाहेर आलो तर तुम्ही पायऱ्यांवर बसलेल्या.

"शमू, बोर्ड काढलास ते बरं केलंस. बोर्डाकडं कोण बघतंय? पण माणसाशेजारी बसायचं का बंद करतोस?"

"बाई, उद्या कुणी तक्रार केली म्हणजे? तुम्ही निस्तरणार आहात का?"

"म्हणून तर विचारून करतो ना आपण. नको म्हटलं की गप बसतो ना?"

"आणि नुसत्या खिचडीनं पोट भरत नाही का लोकांचं? आपण कोणाचे आहोत ते देवाला ठाऊक आहे. त्याला ऐकवायला कशाला पाहिजे?"

"पोट भरतं की. गुरुद्वाऱ्यातला लंगर आपल्यापेक्षा लई चांगला असतो, त्यात तूप असतं. पोटच भरायचं तर मी लोकांना तिकडं पाठवीन, पुण्य लागंल. आपल्याला कुणीतरी पाठवलंय म्हणून आपण जातो रे. त्या पाठवणाऱ्याशीच बोलणं टाकलं तर आपण नुसते आचारी. आणि आचारी म्हणून आपण फार वाईट आहोत, शमू."

मला हसू येणार होतं. तेवढ्यात तुम्ही उठलात, गुडघ्यावर हात ठेवून, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुला लोकांची भीती नाय. तुला डोळे मिटायची भीती हाय."

च्यायला! असं बोलतात का बाई एखाद्याला? माफ करा, पायऱ्यांवर तोंडातून हेच निघालं होतं, आणि तुम्ही ते ऐकलंत. दोन महिने मी तुमच्याशी बोललो नाही. सलाम केलात तर मान हलवायची, बस. तुम्ही मंगळवारी येत राहिलात. ॲप्रन बांधून डाव हातात घेऊन उभ्या. ठरावाप्रमाणं वागलात, एका शब्दानं मोडला नाहीत. मी नंबर पुकारायचो आणि तुम्ही वाढायचात. काम घड्याळाच्या काट्यावर व्हायचं. लोक यायचे, खायचे, बिल्ला डब्यात टाकून जायचे. कुणाचं नाव मला माहीत नव्हतं. मला त्याचं बरंच वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही इतक्या लहान दिसत होतात की, दारातच माझा राग गळाला. तुम्ही म्हणालात, "शमू, माझ्यासाठी माग."

मी म्हणालो, "पाळकसाहेब येतायत पाच वाजता."

"ते मागतीलच. तू माग."

"मला नाही जमत, बाई."

तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बरं. मग नुसता बस."

आणि मी बसलोही नाही. बाहेर रिक्षा थांबवलीय म्हणून उठलो. रिक्षा नव्हती, बाई. मी चालत चौकापर्यंत गेलो आणि तिथं पानाच्या टपरीजवळ उगाच उभा राहिलो. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. कबरस्तानात माती टाकताना माझी मूठ उघडेना. हे मला कुणाला सांगता आलेलं नाही. तुमच्याजवळ कबूल करतो.

तुम्ही गेल्यावर दोन मंगळवार मी नंबर पुकारून काम उरकलं. परवाच्या मंगळवारी मंदाबाई म्हणून एक बाई आली, सोयगाव तालुक्यातली. पन्नाशीची असेल. तिनं बिल्ला घेतला नाही. ताटही घेतलं नाही. तुमच्या जागेवर उभ्या राहिलेल्या पोरीकडं बघितलं आणि मला विचारलं, "दादा, त्या बाई आल्या नाय का? चष्म्यावाल्या?"

मी सांगितलं. ती तिथंच, पातेल्याजवळ, मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं, खिचडी वाढायची बाई गेली म्हणून माणूस एवढं रडतंय? मी म्हणालो, दर मंगळवारी भेट व्हायची वाटतं तुमची. ती म्हणाली, "मंगळवारी कुठलं हो. बाई शुक्रवारी यायच्या. एकट्या. सिटीबसनं. आमच्या ह्यांना पंधरा पंधरा दिवसाला आणावं लागतं. आम्ही शुक्रवारीच येत होतो, बाई भेटतात म्हणून. ह्या बारीला डॉक्टरनं मंगळवार दिला. बाई म्हणायच्या, मंगळवारी मी बाहेर खिचडीपाशी असते."

बाई, शुक्रवार! मंडळीचा ठराव मंगळवारचा. मंगळवारी तो अक्षर न् अक्षर पाळलात, आणि शुक्रवारी ना ॲप्रन, ना खिचडी, भेटायच्या वेळेत कुणाच्याही नातेवाइकासारख्या आत जाऊन बसायचात. मला पत्ता लागू दिला नाहीत. मला आधी राग आला. मग आठवलं, त्या दोन महिन्यांत मी तुमच्याशी बोलतच नव्हतो, तुम्ही सांगणार होतात तरी कुणाला?

मी तिला म्हणालो, "बाई फार छान मागायच्या." काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

"छान कसलं," मंदाबाई म्हणाली. "कधीमधी त्यांना येतच नव्हतं. म्हणायच्या, मंदा, आज मला काय सुचंना गं, मागून मागून थकले. मग गप बसायच्या. नाव तेवढं घ्यायच्या ह्यांचं. म्हणायच्या, एवढं पुरतं त्याला."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षं मी समजत होतो, तुमच्या तोंडात शब्द तयारच असतात. सुनंदाच्या उशाशी तुम्ही बसलात तेव्हाही असं होत होतं का? विचारायला तुम्ही नाहीत.

मग ती मला म्हणाली, "आता ह्यांचं नाव कोण घेणार? तुम्ही त्यांचेच ना? तुम्ही घ्या."

मागं रांग उभी होती. एकोणीस नंबर हातात ताट घेऊन माझ्याकडं बघत होता. ठरावाची आठवण झाली, मोबाईलवाल्याची झाली. पण खरं सांगू का, ती सगळी सबब होती, आणि ती सबब आहे हे मला तुमच्या तोंडून आधीच कळलेलं होतं. मंदाबाईनं स्वतः होऊन सांगितलं होतं. नाही म्हणायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. मी खाली बसलो. म्हणालो, "पूर्ण नाव सांगा."

"भागवत किसन."

मी डोळे मिटले. "प्रभू," म्हणालो. पुढं काही येईना. रांगेतली कुजबुज ऐकू येत होती, रस्त्यावरचे भोंगे ऐकू येत होते. मी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "सुनंदाला..."

आपण गेलेल्यांसाठी मागत नाही, बाई. संडे स्कूलात हे तुम्हीच शिकवलंत, कान पिळून. गेलेला माणूस प्रभूच्या हाती, त्याच्यासाठी आभार मानायचे, मागायचं ते जित्यासाठी. आपल्या मंडळीतलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. मी केली, भर रस्त्यात, भागवत किसनच्या बायकोसमोर.

तिनं माझ्या हाताला हात लावला. "दादा, ह्यांचं नाव भागवत हाय."

"चुकलो. माझ्या बायकोचं आलं तोंडात."

"कुठं हाय ती?"

"इथंच गेली. चार वर्षं झाली."

मंदाबाईनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मांडी घालून नीट बसली. म्हणाली, "मग घ्या की तिचं आधी. आमचं मागून घ्या. मला काय घाई नाय."

रांग थांबली होती आणि मी ती थांबवली होती. मी सुनंदाचं नाव घेतलं. रडलो, मोठ्यानं रडलो, लाज वाटली नाही. मग भागवत किसनचं घेतलं, त्याच्या दुखण्यासकट, आणि येशूच्या नावानं मागितलं, पुटपुटलो नाही. आणि मग, उशीर झालाय हे पक्कं ठाऊक असून, तुमचं घेतलं.